लॉक नटची चावी हरवल्यास गाडीचे चाक कसे काढावे : क्रमवार मार्गदर्शन

चाक चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक चाकावर सहसा एक लॉक नट असतो, आणि तो त्याच्या नक्षीला जुळणाऱ्या खास चावीनेच फिरतो. त्या चावीशिवाय लॉक नट काढण्याचे काम ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच बिघडते. ते बिघडते क्रम चुकल्यामुळे. गाडी आधीच जॅकवर चढवली जाते, बाकीचे नट अगोदर काढून टाकले जातात, हाताला लागेल ती गोटी (पान्याचे सॉकेट) लॉक नटावर ठोकली जाते, आणि मग नटाची कड झिजून ॲल्युमिनियमच्या अलॉय चाकाला चरे पडल्यावर गॅरेजची आठवण होते. गोव्यात यात हवामानाची भर पडते. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा वर्षभर असते, आणि सत्तरी किंवा धारबांदोड्याकडच्या रस्त्यांवरची तांबडी माती नटाच्या खोबणीत बसून कडक होते. त्यामुळे इथला नट कंपनीने कसला होता त्यापेक्षा अधिक घट्ट बसलेला असणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

पुढील सर्व सूचना स्वतःच्या मालकीच्या गाडीसाठी आहेत. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी असेल, तर मालकाला फोन केल्याशिवाय नटाला हात लावू नये. बहुतेक वेळा चावी त्याच्याचकडे असते.

## १. चाक खरोखरच काढावे लागणार आहे का?

हा प्रश्न विचारलाच जात नाही, म्हणून तो पहिला. टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला असेल, तर पंक्चर चाक न काढताही निघते. पुढचे चाक असल्यास स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की टायरचा माथा समोर येतो; मागचे चाक असल्यास खिळा हाताच्या टप्प्यात येईपर्यंत गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी. पंक्चरवाले रोज अशीच बत्ती (भोकात ठासायची रबरी वळी) भरतात. बत्ती भरून हवा टिकली, तर लॉक नटाचे काम सवडीने, दिवसाउजेडी आणि योग्य हत्यारांनिशी करता येते.

टायरची बाजूची भिंत फाटली असेल, रिम वाकली असेल किंवा ब्रेकचे काम असेल, तर मात्र चाक काढण्यावाचून मार्ग नाही.

इशारा : अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला हे काम करू नये. चाक बदलण्यापुरती जागा तिथे कशीबशी मिळते. नट ठोकून काढण्याइतकी मिळत नाही. धोक्याचे दिवे लावून, त्रिकोण मागे ठेवून, गाडी उचलून नेणारे वाहन मागवावे.

## २. चावीचा नीट शोध घ्यावा

ज्यांची चावी हरवलेली असते, त्यांच्यापैकी अनेकांना ती दिसते कशी हेच ठाऊक नसते. ती बोटभर किंवा त्याहून आखूड असा पोलादी तुकडा असतो. त्याच्या एका टोकाला फुलासारखी किंवा वेड्यावाकड्या दात्यांची नक्षी असते आणि दुसऱ्या टोकाला साधा षट्कोन असतो, ज्यावर गाडीचा नेहमीचा पाना बसतो. अनोळखी माणसाला ते भंगार वाटते आणि डिकी साफ करताना ते टाकलेही जाते.

शोधायच्या जागा या क्रमाने पाहाव्यात. डिकीचे कापड उचलून स्टेपनीच्या पोकळीतील हत्यारांचा साचा, त्यातही जॅकच्या खालची खाच, ग्लव्ह बॉक्स, माहितीपुस्तिकेची पिशवी, चालकाच्या आसनाखालची जागा, दारांचे खिसे. तिथेही नसेल, तर मागच्या वेळी टायर, अलाइनमेंट किंवा ब्रेकचे काम जिथे केले त्या दुकानाला फोन करावा. माझ्या मते हा फोन सर्वांत आधी केला तरी चालेल, कारण चावी नट फिरवण्याच्या हवेच्या गनला अडकून किंवा तिथल्या ट्रेमध्ये राहून जाणे ही या हरवण्याची सर्वांत सामान्य तऱ्हा आहे. गाडी जुनी विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकालाही विचारावे.

काही गाड्यांत बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि लॉक बोल्टावरची टोपी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. ती चिमट्याने किंवा तारेच्या आकड्याने ओढून काढावी लागते. टोपीलाच लॉक समजून तिच्यावर पाना फिरवणारे लोक आहेत.

तपासणी : चावी सापडली तरी लगेच जोर लावू नये. नटाच्या खोबणीतील माती सुईने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने काढून चावी पूर्ण खोल बसते का, आणि बसल्यावर डुगडुगत नाही ना, हे पाहावे. अर्धवट बसलेली चावी पहिल्याच झटक्यात घसरते आणि नक्षी कायमची झिजवते. चावीवर हवेची गन कधीही लावू नये. चाव्या तुटतात त्या बहुधा गननेच.

## ३. कोड असेल तर हातोडा उचलू नये

लॉक नटाच्या प्रत्येक नक्षीला एक कोड असतो. तो चावीवर कोरलेला असतो, आणि पुष्कळदा माहितीपुस्तिकेच्या पिशवीतील छोट्या कार्डावर किंवा चिकटपट्टीवरही छापलेला असतो. कार्ड सापडले, तर अधिकृत विक्रेत्याकडून त्या कोडची नवी चावी मागवता येते. कार्डही नसेल, तर त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नक्ष्यांचा पूर्ण संच ठेवलेला आहे का, हे विचारावे. काही कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये तो असतो आणि त्यातली जुळणारी चावी लावून चारही नट काही मिनिटांत निघतात. जाताना गाडीची नोंदणीची कागदपत्रे सोबत न्यावीत. चावी देण्यापूर्वी मालकी विचारली जाणे योग्यच आहे.

गाडी चालण्याच्या स्थितीत असेल आणि घाई नसेल, तर इथेच थांबून चावीची वाट पाहणे सर्वांत शहाणपणाचे. पुढचे टप्पे ज्यांना वाट पाहता येत नाही त्यांच्यासाठी आहेत.

## ४. नट ओळखावा

पुढचे सगळे या टप्प्यावर अवलंबून आहे. नट तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, टॉर्च लावून, पुढील गोष्टी पाहाव्यात आणि कागदावर लिहून ठेवाव्यात.

नट आहे की बोल्ट? मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या गाड्यांत हबमधून (चाक ज्यावर बसते तो मधला लोखंडी भाग) स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे, बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या गाड्यांत बोल्टच हबमध्ये आत जातो. नट असेल तर चूक झाल्यास स्टड बिघडतो, आणि तो बदलता येतो. बोल्ट असेल तर हबचे आटे बिघडतात, आणि ते प्रकरण महागात पडते.

बाहेरची बाजू कशी आहे? काही लॉक नट बाहेरून गुळगुळीत गोल असतात, काही वरच्या टोकाकडे निमुळते होत जातात, तर काहींना कडेने बारीक खाचा असतात. खाचांचा नट गोटीला चांगला पकडू देतो, गुळगुळीत कमी, आणि निमुळता सर्वांत कमी.

बाहेरची कडी फिरते का? हे बोटाने किंवा पक्कडीने हलवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही लॉक नटांवर एक सुटी कडी असते, जी नट न हलता स्वतःभोवतीच फिरते. तिच्यावर गोटी ठोकली तर गोटी, कडी आणि माणूस तिघेही फिरतात. नट जागचा हलत नाही.

अलॉयच्या भोकात नटाभोवती मोकळी जागा किती आहे? गोटीची भिंत त्या जागेत मावली पाहिजे. ती मावत नसताना ठोकली, तर अलॉयचा काठ चेपतो आणि पुढे तिथूनच तडा जाण्याची भीती राहते.

तपासणी : व्हर्नियर कॅलिपरने नटाच्या डोक्याचा बाहेरचा व्यास मोजावा. व्हर्नियर नसेल, तर वेगवेगळ्या मापांच्या गोट्या हाताने लावून पाहाव्यात. उतरत्या क्रमाने लावत गेल्यावर जी पहिली गोटी हाताने आत जात नाही, पण नटाच्या कडेवर समान टेकते, तेच आपले माप.

## ५. सामान आणि जागा

सुरुवात करण्याआधी बदली नट घरात असला पाहिजे. हा नियम मोडला की गाडी विटांवर, नव्हे, जॅकवर ठेवून दुकानाच्या दारात उभे राहावे लागते, आणि म्हापसा असो वा मडगाव, दुपारी एकनंतर पुष्कळ दुकाने बंद मिळतात व रविवारी तर विचारूच नये. नट घेताना त्याच चाकाचा एक साधा नट काढून, त्या जागी पुन्हा न विसरता लावण्याची सोय करून, नमुना म्हणून सोबत न्यावा. आट्यांचे माप महत्त्वाचे : मारुतीच्या गाड्यांना सामान्यतः १२ मिलिमीटर व्यासाचे आणि एकमेकांपासून १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या गाड्यांना १२ मिलिमीटर आणि १.५ अंतराचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे आत जातो आणि मग स्टडचे आटे कापू लागतो.

नट रिमवर बसतो ती बाजूही जुळली पाहिजे. ती बहुतेक गाड्यांत शंकूसारखी उतरती असते, होंडाच्या मूळ चाकांत आणि फोक्सवॅगनच्या बोल्टांत गोलसर असते, तर टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांत सपाट वॉशरची असते. गोलसर खोबणीत शंकूचा नट कसला, तर तो एका पातळ रेषेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो.

बाकीचे सामान असे : दांडा बसण्यासाठी अर्धा इंची चौकोनी भोक असलेल्या, जाड पोलादाच्या बारा टोकी गोट्या, ठरलेल्या मापाच्या आणि त्याहून एक माप लहान; किंवा त्याऐवजी उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर संच; साधारण ६० सेंटिमीटर लांबीचा दांडा; एक किलोच्या आसपासचा हातोडा; गोटीतून नट ठोकून बाहेर काढण्यासाठी पोलादी पंच; गंज सोडवणारे तेल; तारेचा ब्रश; टॉर्क रेंच (नट ठरलेल्या पिळापर्यंतच कसण्याचा पाना); हातमोजे आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा. चष्म्यावर तडजोड नाही. लॉक नट कठीण पोलादाचा असतो आणि त्याची कपची उडते ती सरळ डोळ्याच्या उंचीला.

नव्या, चकाकणाऱ्या आणि महागड्या गोट्या यासाठी वापरू नयेत. गोटी बळी जाणार हे धरूनच जुनी पण जाड भिंतीची घ्यावी.

जागा सपाट आणि टणक हवी. पावसाळ्यात अंगणातल्या भिजलेल्या मातीवर जॅक हळूहळू रुततो आणि ते लक्षात येईपर्यंत गाडी कलते. म्हणून जॅकखाली जाड लाकडी फळी घालावी. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा स्वयंचलित असल्यास पार्कवर ठेवावी, आणि ज्या चाकावर काम नाही त्याच्या दोन्ही बाजूंना अडण्या लावाव्यात.

इशारा : अडणी म्हणून चिरा (जांभा दगड) चालतो. गाडीखाली आधार म्हणून चिरा कधीही लावू नये. आपल्याकडे तो प्रत्येक अंगणात हाताशी असतो आणि भक्कमही वाटतो, पण भारामुळे तो अचानक फुटतो किंवा त्याचा कोपरा ढासळतो. आधाराला लोखंडी स्टँडच हवेत.

## ६. नट सैल करणे : गाडी जमिनीवरच

गाडी जॅकवर घ्यायची नाही. चाक जमिनीवर असताना गाडीचे वजन त्याला फिरू देत नाही आणि जोर पूर्णपणे नटापर्यंत पोहोचतो. जॅकवरच्या गाडीवर हातोडा चालवणे म्हणजे ती जॅकवरून उतरवण्याचा प्रयत्न करणे होय.

बाकीचे नट सैल करायचे नाहीत. उलट ते योग्य घट्ट आहेत ना, हे पाहून घ्यायचे. त्यांचा ताण सुटला की चाकाला दाबून धरण्याचा सगळा भार एकट्या लॉक नटावर येतो, चाक किंचित कलते आणि नट आणखी आवळला जातो. या एका चुकीमुळे निघणारे नटही अडकून बसलेले आढळतात.

तेलाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. बंद डोक्याच्या नटात तेल वरून आट्यांपर्यंत जात नाही, आणि बोल्टाचे आटे तर हबच्या आत असतात. नटाच्या बुडाशी थोडे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यास कडेचा गंज सुटतो, एवढाच फायदा. नटाच्या डोक्यावर मात्र तेल राहू देऊ नये, कारण तिथे आपल्याला पकड हवी आहे. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडाले, तर ते ब्रेक क्लीनरने पुसून काढल्याशिवाय गाडी चालवू नये.

### पद्धत अ : एक्स्ट्रॅक्टर

संच मिळत असेल तर हीच पद्धत आधी वापरावी. या गोटीच्या आतल्या बाजूला उलट्या पिळाच्या धारा असतात, ज्या दांडा डावीकडे फिरवताना नटाच्या कडेत अधिकाधिक रुततात. योग्य मापाची गोटी नटावर सरळ धरून, हातोड्याच्या चार-पाच ठाम ठोक्यांनी बसवावी. ती तिरपी गेली, तर काढून पुन्हा बसवावी. तिरपी बसलेली गोटी पहिल्याच जोराला एका बाजूची कड खाते. मग दांडा लावून सावकाश, अखंड जोर द्यावा. झटके देऊ नयेत.

### पद्धत ब : साधी गोटी ठोकून

संच नसल्यास बारा टोकी गोटी घ्यावी. गोल नटावर तिची आतली टोके ठिकठिकाणी रुततात. चौथ्या टप्प्यात ठरवलेल्या मापाची गोटी नटावर ठेवून, मध्यावर सरळ ठोके मारावेत. ठोक्याचा आवाज सुरुवातीला बोथट असतो आणि गोटी पूर्ण बसली की तो टणक होतो. तो बदल ऐकू आला की थांबावे. त्यानंतरचे ठोके गोटीत नाही, तर हबच्या बेअरिंगमध्ये जातात. याच कारणाने मोठा घण वापरू नये.

निमुळत्या नटावर गोटी ठोकताना ती वर सरकते. अशा वेळी एक माप लहान गोटी घ्यावी, पण अलॉयच्या भोकात ती पुरेशी खोल जाते का, हे आधी पाहावे.

### दांडा फिरवणे

दोन्ही पद्धतींत दांडा नटाच्या डाव्या बाजूला, जमिनीला समांतर ठेवून खाली दाबावा. या स्थितीत शरीराचे वजन उपयोगी पडते आणि गोटी घसरली तरी हात चाकावर आदळत नाही, मोकळा खाली जातो. ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर १५ किलोचा भार दिला, तर नटावर सुमारे ९० न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे अनेक छोट्या गाड्यांचा नट कसण्याइतका. गंजलेल्या नटाला त्याच्या दीडपट-दुप्पट लागू शकतो. म्हणजे दांड्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज मुळातच नसते, आणि तरीही आपल्याकडे तीच सर्वाधिक पाहायला मिळते. दांड्याला लांब पाईप जोडल्यास दांड्याचा चौकोनच तुटण्याचा धोका असतो. जोडायचाच असेल, तर आखूड जोडावा आणि तोंड दांड्याच्या रेषेपासून दूर ठेवावे.

नट सुटतो तेव्हा बहुधा एकदा कर्र असा आवाज येतो. त्या आवाजानंतर दांडा हलका झाला, तर नट फिरतो आहे. हलका होऊनही नटाची जागा बदललेली दिसत नसेल, तर गोटी घसरते आहे. तिथल्या तिथे थांबावे.

तपासणी : सुरू करण्याआधी नटावर आणि शेजारी अलॉयवर खडूची एकच सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटली तर नट फिरला, जुळलेली राहिली तर फक्त गोटी फिरली.

दोन वेळा गोटी घसरल्यावर तिसऱ्यांदा त्याच मापाने प्रयत्न करू नये. एक माप लहान गोटी किंवा एक्स्ट्रॅक्टर एवढेच पर्याय उरतात, आणि तेही चालले नाहीत तर गॅरेज.

एक लॉक नट सुटला की उरलेल्या तीन चाकांचे लॉक नटही त्याच दिवशी, त्याच पद्धतीने काढावेत. पुढच्या पंक्चरला हीच कसरत पुन्हा करण्यात अर्थ नाही. प्रत्येक चाकाचा लॉक नट काढल्याबरोबर त्या जागी नवा नट हाताने बसवून कसावा आणि मगच दुसऱ्या चाकाकडे जावे.

## ७. फिरती कडी असलेला नट

आधी कडी काढावी लागते. ती छिन्नीने एका जागी चिरून किंवा उचकटून काढल्यावर आतला गाभा उघडा पडतो आणि त्यावर पातळ भिंतीचा एक्स्ट्रॅक्टर बसतो. छिन्नी अलॉयच्या इतक्या जवळ चालते, की सवय नसलेल्याने हे घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

## ८. ड्रिल आणि वेल्डिंग : फक्त गॅरेजात, तेही पाहून

लॉक नटाचे पोलाद कठीण केलेले असते; घरगुती ड्रिलचे साधे पान (बिट) त्यावर चकाकी आणण्यापलीकडे काही करत नाही. कोबाल्ट किंवा कार्बाइडची पाने, मंद वेग आणि मध्य अचूक साधणारा हात या तिन्ही गोष्टी लागतात. मध्य चुकला, तर नटाच्या गाड्यांत स्टड आणि बोल्टाच्या गाड्यांत हब जातो.

वेल्डिंगवाल्याकडे गाडी नेली, तर तो नटावर दुसरा साधा नट जोडतो आणि पान्याने फिरवतो. युक्ती जुनी आहे आणि ती चालते, कारण उष्णतेने गंजही सुटतो. पण तीन अटी पाळल्या जात आहेत का, हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. बॅटरीचा ऋण जोड काढलेला असावा. वेल्डिंगची अर्थिंग नटाजवळच, म्हणजे त्याच हबवर लावलेली असावी, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे.

इशारा : हवा भरलेल्या टायरच्या रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत चालू देऊ नये. तापलेल्या रिममुळे आतले रबर विघटित होऊन ज्वलनशील वायू तयार होतात, दाब वाढतो आणि टायरचा स्फोट होऊ शकतो. हा स्फोट काम संपून काही वेळ गेल्यावरही होऊ शकतो. व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडणे ही किमान गोष्ट आहे, पण तेवढ्याने टायर निर्धोक होत नाही. टायर रिमवर असताना वेल्डिंग हा शेवटचाच उपाय समजावा आणि तो नाकारण्याचा अधिकार मालकाने वापरावा. वेल्डिंगने नट निघाल्यास अलॉय तडकले नाही ना, हे पाहून घ्यावे आणि त्या चाकाचा टायर उतरवून आतून तपासून घ्यावा.

## ९. नट निघाला, चाक निघत नाही

समुद्राजवळच्या गाड्यांत हे नेहमीचेच आहे : अलॉयचे ॲल्युमिनियम आणि हबचे लोखंड एकमेकांना चिकटून बसतात. गाडी जॅकवर घेऊन, लोखंडी स्टँड लावून, सर्व नट दोन-तीन फेऱ्यांवर सैल ठेवून, टायरच्या बाजूच्या भिंतीवर रबरी हातोड्याने किंवा लाकडी ठोकळा मध्ये धरून आळीपाळीने ठोके मारावेत. नट पूर्ण काढून ठोकू नये; चाक अचानक सुटते आणि अंगावर येते. गाडीखाली शिरून आतून लाथ मारणे हा प्रकार तर पूर्णपणे टाळावा.

चाक निघाल्यावर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा. हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ थर द्यावा. आट्यांवर आणि नटाच्या बैठकीवर पेस्ट किंवा तेल लावू नये, कारण तेलकट आट्यांवर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवत असतानाही नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

गोटीत अडकलेला लॉक नट गोटी व्हाइसमध्ये धरून, चौकोनी भोकातून पंच घालून मागच्या बाजूने ठोकावा. म्हणजे पुढच्या चाकासाठी गोटी मोकळी होते.

तपासणी : स्टडवर नवा नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला, तर आटे दुखावले आहेत. तो पान्याने रेटू नये. स्टड बदलून घ्यावा.

## १०. नवे नट बसवणे

चाक हबवर सपाट टेकवून सर्व नट आधी हाताने फिरवावेत, मग पान्याने एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने हलके कसावेत. त्यानंतर गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचने त्याच क्रमाने शेवटचे कसणे करावे. आकडा आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत तो ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टायरच्या दुकानात हवेच्या गनने शेवटपर्यंत कसू देऊ नये. लॉक नट पुढच्या वेळी निघत नाही, याचे मूळ पुष्कळदा या गनमध्येच असते.

पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यानंतर नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत. स्वच्छ केलेल्या हबवर चाक थोडे बसते आणि पहिला कस किंचित उतरतो.

पुन्हा लॉक नट लावायचे की साधे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. गाडी रात्री बंद आवारात उभी राहत असेल आणि चाके कंपनीची साधी अलॉय असतील, तर मी साधेच नट लावण्याचा सल्ला देईन. लॉक नट लावलेच, तर नव्या चावीच्या कोडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कार्ड गाडीत न ठेवता घरी ठेवावे, चावी स्टेपनीच्या पोकळीत जॅकसोबत ठेवावी, आणि टायरच्या दुकानातून गाडी बाहेर काढण्यापूर्वी डिकी उघडून ती परत आली आहे ना, हे पाहावे.